चालते आहे तोवर

जुलै महिना उतरणीला लागला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा आवाज बदलतो. १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. त्या काळात मासळीच्या लिलावाचा कोलाहल नसतो, बर्फ फोडण्याचा आवाज नसतो. त्याऐवजी ऐकू येतात ते सुताराच्या हातोडीचे ठोके, रंगाआधी लाकूड घासण्याची खरखर आणि मधूनच, बऱ्याच दिवसांनी जागे केलेल्या एखाद्या इंजिनाचा खोकला. वर्षभर पुढे ढकललेली सगळी कामे या दोन महिन्यांत उरकायची असतात, आणि महिनाअखेर जवळ आली की प्रत्येकाला घाई झालेली असते.

अशाच एका पावसाळी सकाळी, एका ट्रॉलरच्या इंजिनरूमच्या तोंडाशी चाललेला संवाद माझ्या कानी पडला. खाली वाकून बसले होते ते वृद्ध मिस्त्री. वर उभा होता तो नौकेचा तरुण मालक.

"चाचा, नवे गॅस्केट टाका नि बांधून द्या. एक तारखेला बोट बाहेर काढायची आहे."

मिस्त्रींनी चिंधीने बोटे पुसली. "गॅस्केट टाकीन रे बाबा. पण ते दोन महिन्यांत परत फुटेल. बसायची जागाच वाकडी झालीय."

"गेला सीझन तसाच काढला ना? चालत होते ना इंजिन?"

"चालत होते. आणि खाली झोपणाऱ्या पोरांची डोकी दुखत होती, त्याचे काय?"

मालक काही बोलला नाही. मीही पुढे निघालो. परंतु तो प्रश्न माझ्या पाठोपाठ घरापर्यंत आला. वाचकहो, वरवर पाहता हा एका फुटलेल्या सांध्याचा प्रश्न आहे. पण थोडे खोलात शिरले तर नीतिशास्त्रातील एक जुना आणि अवघड प्रश्न त्यात दडलेला दिसतो. तो असा: जी वस्तू चालते आहे, जिच्यामुळे अद्याप कोणताही अनर्थ घडलेला नाही, तिच्यातील दोष तसाच राहू देणे हा अपराध होय काय? आणि असल्यास, तो नेमका कोणाचा?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ही वस्तू समजावून घेणे इष्ट ठरेल. डिझेल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन जळते आणि त्याचा जळका वायू बाहेर टाकावा लागतो. या सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र गोळा करून नळीवाटे बाहेर नेणारा जो ओतीव लोखंडाचा भाग, त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. तो इंजिनाच्या माथ्याला स्टड आणि नट यांनी आवळलेला असतो. दोन लोखंडी पृष्ठभाग कितीही घासले तरी एकमेकांस पूर्णपणे चिकटत नाहीत. त्यांच्यातील सूक्ष्म फट भरून काढण्यासाठी मध्ये एक पातळ थर घालतात. तेच गॅस्केट. पूर्वी ते ॲस्बेस्टॉसचे असे. आता ग्रॅफाइट किंवा पोलादी पत्र्याच्या थरांचे असते. किंमत पाहिली तर इंजिनातील अगदी हलक्या वस्तूंपैकी एक. पण इंजिन ओढीवर असताना चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापणारा वायू त्या बोटभर जाडीही नसलेल्या थराने अडवून धरलेला असतो.

हे गॅस्केट एका दिवसात फुटत नाही. लोखंड तापले की प्रसरण पावते, निवले की आकुंचन पावते; हजारो वेळा हे घडते. एखादा नट ढिला होतो, एखादा स्टड गंजून तुटतो, धुराड्याच्या नळीचा आधार निसटून तिचा सारा भार मॅनिफोल्डवर येतो आणि मॅनिफोल्डची कड किंचित वाकते. मग एखाद्या कोपऱ्यातून वायू निसटू लागतो. सांध्यापाशी काजळीची एक काळी रेघ उमटते. पहाटे थंड इंजिन सुरू केले की टिक-टिक असा बारीक आवाज येतो. आणि या दोषाची खरी गंमत पुढेच आहे: इंजिन तापले की लोखंड फुगते, फट मिटल्यासारखी होते आणि पुष्कळदा तो आवाज थांबतो. कान देणाऱ्याला वाटते, चला, गेले एकदाचे. वस्तुतः गेलेले काहीच नसते. दोष फक्त थंडीत बोलतो. कामाच्या धामधुमीत तो गप्प बसतो. आपल्या सदसद्विवेकबुद्धीचेही असेच नाही काय? पहाटेच्या शांततेत ती काहीतरी सांगते आणि दिवसाची धावपळ सुरू झाली की तिचा आवाज ऐकू येईनासा होतो. तिचे म्हणणे मात्र खोटे ठरलेले नसते.

आता मूळ प्रश्न. इंग्लंडमधील गणितज्ञ विल्यम किंग्डन क्लिफर्ड याने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीविषयी एक निबंध लिहिला. त्याचा आरंभ एका जहाजमालकाच्या उदाहरणाने होतो. जहाज जुने झालेले आहे, ते आधीच फारसे चांगले बांधलेले नव्हते, डागडुजी वारंवार करावी लागली आहे, आणि त्यातून देशांतर करणारी कुटुंबे जायची आहेत. मालकाच्या मनात शंका येते: जहाज पूर्ण तपासून दुरुस्त करावे काय? खर्च पुष्कळ. तेव्हा तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ही का होणार नाही? परमेश्वर या गरीब कुटुंबांचे रक्षण करीलच. हळूहळू त्याला मनापासून खात्री वाटू लागते. जहाज समुद्राच्या मध्यावर बुडते आणि मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याची खात्री प्रामाणिक होती हे खरे. पण हाताशी असलेल्या पुराव्यावरून तशी खात्री बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता, म्हणून तो दोषी.

येथवर कोणीही मान डोलावील. खरी कसोटी पुढे आहे. क्लिफर्ड विचारतो, समजा जहाज बुडाले नाही, ही सफर आणि पुढच्या अनेक सफरी सुखरूप पार पडल्या, तर मालकाचा दोष कमी होईल काय? त्याचे उत्तर आहे: तिळमात्रही नाही. कृत्य ज्या क्षणी झाले त्याच क्षणी ते योग्य किंवा अयोग्य ठरले. नंतर योगायोगाने काय घडले, त्यावर ते ठरत नाही. अशा वेळी मालक निर्दोष ठरत नाही, तो फक्त पकडला जात नाही.

क्लिफर्डला समुद्राची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती. १८७० साली सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी निघालेल्या मंडळींत तो होता आणि त्यांचे जहाज सिसिलीच्या किनाऱ्याजवळ फुटले. तो त्यातून वाचला. शिवाय तो काळच तसा होता. सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराने १८७३ साली खलाशांच्या दुर्दशेवर पुस्तक लिहून इंग्लंड हलवून सोडले होते. मर्यादेबाहेर लादलेली, मोडकळीस आलेली आणि भरभक्कम विमा उतरवलेली जहाजे समुद्रात जात. लोक त्यांना शवपेटी-जहाजे म्हणत. प्लिमसोलच्या झुंजीमुळे १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाराची रेघ काढणे बंधनकारक झाले. ती रेघ आजही जगभरच्या मालवाहू जहाजांवर दिसते आणि त्याच्याच नावाने ओळखली जाते. क्लिफर्ड स्वतः धर्मश्रद्धेचा टीकाकार होता. त्याच्या निबंधाचा पुढचा रोख श्रद्धावंतांवरच आहे, आणि तेथे त्याच्याशी वाद घालण्यास पुष्कळ जागा आहे. परंतु जहाजमालकाविषयी त्याने जे म्हटले, त्यापुढे श्रद्धावंताने अधिकच मान लवविली पाहिजे. कारण त्या मालकाने आपल्या आळसावर पांघरूण घालण्यासाठी जे नाव वापरले, ते परमेश्वराचे होते.

तथापि या युक्तिवादावर एक आक्षेप संभवतो. बुडणारे जहाज कुठे आणि धुराची एक बारीक गळती कुठे? येथे तर काही बुडालेच नाही. मग हानी कोणाची झाली?

याचे उत्तर मिस्त्रींच्या प्रश्नात होते. ट्रॉलर एकदा निघाला की कित्येक दिवस बाहेर राहतो. नौकेचा मालक पुष्कळदा किनाऱ्यावर असतो. तांडेल सुकाणूपाशी, मोकळ्या वाऱ्यात असतो. खाली, इंजिनाच्या सान्निध्यात असतो तो इंजिन सांभाळणारा आणि जागा मिळेल तेथे पाठ टेकणारा खलाशी. रत्नागिरीच्या नौकांवर काम करणाऱ्यांत नेपाळमधून आलेले तरुण पुष्कळ असतात. ज्यांनी लहानपणी समुद्र पाहिला नाही, ज्यांना इथली भाषा धड येत नाही, ते डोके दुखते म्हणून कोणाला सांगणार? आणि सांगितले तरी ऐकणारा म्हणणार, बोट लागली असेल, होईल सवय.

शोकाची गोष्ट ही, की हे उत्तर अगदी खरे वाटते. जळक्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहूनही अधिक घट्टपणे चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. पेट्रोलच्या मानाने डिझेलच्या धुरात तो कमी असतो हे खरे. पण बंद जागेत थोडाही साचत जातो. त्याची पहिली लक्षणे कोणती? डोकेदुखी, मळमळ, गुंगी. म्हणजे हुबेहूब बोट लागल्याची लक्षणे. माणूस विषाने आजारी पडतो आणि सर्वांना, त्याला स्वतःलाही, वाटते की समुद्राने आजारी पडला. त्यात काजळीची भर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर मानवास निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले आहे. आगीचा धोका वेगळाच. मोठ्या जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारात २२० अंशांहून अधिक तापणारे आणि इंधन उडू शकेल असे पृष्ठभाग आच्छादित ठेवण्याचा नियम आहे, तो काही हौसेने केलेला नाही. गळक्या सांध्यातून निसटलेल्या तप्त वायूची धार जर डिझेलच्या नळीवर येत असेल, तर अनर्थ आणि नौका यांच्यामध्ये फक्त एका रबरी नळीचे अंतर उरते.

तेव्हा हानी झाली नाही असे म्हणताना आपण खरे तर एवढेच म्हणत असतो, की हानी माझी झाली नाही. गळती फुकट कधीच नसते. तिचा खर्च कोणीतरी भरतच असतो. फक्त तो खर्च आपल्या वहीतून उचलून दुसऱ्याच्या फुप्फुसावर मांडलेला असतो, आणि ज्याच्यावर मांडला त्याला त्याची खबरही नसते. मला वाटते, अशा दुर्लक्षाचा नैतिक गाभा येथे आहे. संत थॉमस अक्विनास यांनी निष्काळजीपणाचा स्वतंत्र विचार केला आहे आणि तो विवेकाच्या विरुद्ध जाणारा दोष मानला आहे: जेथे आस्था ठेवायला हवी तेथे ती न ठेवणे. आपल्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेतही विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला कर्तव्यात केलेल्या कसुरीची कबुली आहे. परंतु कबुली देताना आपल्याला आठवतात ती केलेली कृत्ये. न केलेली कृत्ये आठवत नाहीत, कारण त्यांना तारीख नसते. गॅस्केट कोणत्या दिवशी बदलले नाही, हे कोण सांगू शकेल?

हे दुर्लक्ष गरिबाच्या किंवा अशिक्षिताच्याच हातून होते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जणांचा अंत झाला. कारण काय? अग्निबाणाच्या दोन भागांमधील सांधा. तप्त वायू अडवण्यासाठी त्या सांध्यात रबरी कडी बसवलेली होती. म्हणजे एका अर्थी ते गॅस्केटच. त्या सकाळच्या कडाक्याच्या थंडीत रबराची लवचिकता कमी झाली आणि वायू निसटला. चौकशी आयोगाच्या बैठकीत रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांना तो दोष दाखवून दिला. पण खरी हृदयद्रावक गोष्ट निराळी आहे. त्या कड्या झिजतात, हे आधीच्या अनेक उड्डाणांत दिसलेले होते. प्रत्येक वेळी यान सुखरूप परत आले आणि प्रत्येक वेळी धोक्याची खूण 'नेहमीचीच गोष्ट' होत गेली. अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीतील रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी अभियंते यांनी आदल्या रात्री उड्डाण नको म्हणून जीव तोडून सांगितले. त्यांचे म्हणणे डावलले गेले. पुढे १९९६ साली डायान व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या प्रकरणावर ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले, की तेथे कोणी दुष्ट नव्हते. माणसे विपरीत गोष्टीला हळूहळू सरावली होती, एवढेच.

विपरीताला सरावणे! आपल्या मराठीत त्यासाठी दोनच शब्द पुरतात: 'चालतंय ना!' हे शब्द उच्चारणारा मनुष्य वाईट नसतो. पण या शब्दांत एक मोठी फसगत आहे. दोष आहे, हे ते नाकारीत नाहीत. दोष असूनही काही घडले नाही, याचा ते पुरावा म्हणून उपयोग करतात. जितके दिवस काही घडत नाही, तितका पुरावा बळकट वाटतो. आणि सांधा मात्र तितकाच अधिक झिजलेला असतो.

आता त्या तरुण मालकाची बाजू. ती न ऐकता त्याला दोषी ठरवणे हा आपलाही निष्काळजीपणा ठरेल. डिझेलचा खर्च, बर्फाचा खर्च, डोक्यावरचे कर्ज, खलाशांना आगाऊ दिलेली उचल, ही सारी ओझी त्याच्या शिरावर आहेत. ऑगस्टचे पहिले दिवस म्हणजे वर्षाच्या कमाईची आशा. एक दिवस चुकला तर शेजारची नौका पुढे जाते. शिवाय समुद्रात असताना, किनाऱ्यापासून कित्येक तासांच्या अंतरावर गळती सुरू झाली, तर काय करायचे? जाळे टाकून तेथेच इंजिन उघडून बसता येत नाही. ढिला नट आवळून, जमेल तशी डागडुजी करून माणसे परत येतात. ते पाप म्हणायचे काय?

मला तसे वाटत नाही. तात्पुरती डागडुजी हा दोष नव्हे. मनुष्याचे सारे आयुष्यच पुष्कळ अंशी डागडुजीवर चाललेले असते. प्रश्न एवढाच, की ती डागडुजी कोणाला ठाऊक आहे आणि तिला शेवट आहे काय. ज्या तांडेलाला गळती कळल्यावर तो खलाशांना सांगतो, इंजिनरूमची झाकणे उघडी ठेवतो, कोणाला खाली झोपू देत नाही, वेग कमी करतो, अग्निशामक हाताशी ठेवतो आणि नौका बंदराकडे वळवतो, त्याने फुटक्या सांध्यानिशी प्रवास केला खरा. पण तो निर्दोष आहे. आणि जो हे काहीच सांगत नाही, काजळीची रेघ पुसून टाकतो आणि पुढच्या फेरीला निघतो, त्याचा सांधा कदाचित कमी फुटलेला असेल. पण तो दोषी आहे. फरक गळतीच्या आकाराचा नाही. धोका ज्याच्या अंगावर येणार, त्याला तो ठाऊक आहे की नाही, हा फरक आहे. मला माहीत असलेला धोका दुसऱ्याच्या नकळत त्याच्याकडून पत्करवून घेण्याचा मला अधिकार नाही. अडचण मनुष्याला विलंबाची सवलत देऊ शकते. मौनाची देऊ शकत नाही.

मिस्त्रीलाही या विचारातून सुटका नाही. मालकाने सांगितले तेवढे करावे, पैसे घ्यावेत आणि घरी जावे, हा मार्ग त्यालाही मोकळा होता. नवे गॅस्केट वाकड्या पृष्ठभागावर बसवले असते तर पहिले काही आठवडे धूर आला नसता आणि काम सुबक झाल्याची वाहवाही झाली असती. पुढे फुटलेच, तर दोष मालाला देता आला असता. ज्याला अधिक कळते, त्याच्यावर बोलण्याचे ओझे अधिक असते, मग त्याला कोणी विचारलेले असो वा नसो. बॉइजोली यांनी ते ओझे उचलले आणि त्याची किंमत नोकरीत मोजली. आमच्या मिस्त्रींनी ते एका वाक्यात उचलले. दोघांचे काम मला एकाच जातीचे वाटते.

खरी दुरुस्ती कशी होते, हे पाहणेही बोधप्रद आहे. प्रथम इंजिन बंद करून पूर्ण निवू द्यावे लागते. तापलेल्या लोखंडाला हात घालता येत नाही आणि तापलेल्या मनालाही. मॅनिफोल्डभोवती पाणी खेळवलेले असेल तर ते काढून टाकावे लागते. गंजलेल्या नटांवर तेल सोडून, बऱ्याचदा रात्रभर, वाट पाहावी लागते. घाई केली की स्टड तुटतो आणि तासाचे काम दोन दिवसांचे होते. नट सोडताना एकच एकदम सोडायचा नाही, दोन्ही टोकांकडून मध्याकडे थोडे थोडे ढिले करीत यायचे. मग जुने गॅस्केट खरवडून काढायचे. तेव्हा इंजिनाच्या तोंडांत चिंध्या कोंबून ठेवाव्या लागतात, नाहीतर साफ करता करता कचरा आतच जायचा. जुने गॅस्केट पुन्हा वापरायचे नसते. एकदा दबलेला थर दुसऱ्यांदा फट भरीत नाही.

यानंतर येते ती पायरी, जी घाईचा माणूस हमखास गाळतो. सरळ पट्टी मॅनिफोल्डच्या तोंडावर आडवी धरून तिच्याखाली फिलर गेजची पातळ पाती सरकवून पाहायची: पृष्ठभाग सपाट आहे की वाकला आहे? वाकला असेल तर तो कारखान्यात नेऊन तासून आणावा लागतो. तुटलेला स्टड बदलावा लागतो. नळीला पुन्हा नीट आधार द्यावा लागतो, जेणेकरून तिचा भार मॅनिफोल्डवर येणार नाही. म्हणजे गॅस्केट का फुटले, ते शोधून त्या कारणावर घाव घालावा लागतो. मग कुठे नवे गॅस्केट. आणि आवळताना मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीने सांगितलेल्या मापानेच. जास्त आवळले तर स्टड तुटतो, कमी आवळले तर गळती राहते. शेवटी इंजिन चालवून, तापवून आणि निववून पुन्हा एकदा सांधा तपासायचा.

क्षमा मागणे हे नव्या गॅस्केटसारखे आहे. ते आवश्यक आहे, त्यावाचून काहीच होत नाही. पण पृष्ठभाग वाकडाच ठेवून किती वेळा क्षमा मागणार? दरवर्षी तीच चूक, तीच खंत, तोच नवा थर, आणि दोन महिन्यांत पुन्हा तीच काळी रेघ. आपण म्हणतो, माझा स्वभावच तसा. मिस्त्री असता तर म्हणाला असता, पट्टी लावून पाहिलीस का?

आपल्या घरांतही अशा रेघा असतात. दोन भावांत वडिलार्जित घराच्या वाटणीवरून अबोला आहे. सणासुदीला दोघे एकाच पंक्तीस बसतात, पाहुण्यांना काही कळत नाही, घर चालते आहे. पण त्या घरातील मुले कोणत्या खोलीत काय बोलायचे नाही हे शिकत मोठी होतात. किंवा अंथरुणाला खिळलेल्या आईची सारी सेवा एकटी थोरली मुलगी करते. बाकीचे महिन्याला पैसे पाठवतात आणि म्हणतात, व्यवस्था छान चालली आहे. ती व्यवस्था कोणाच्या श्वासावर चालली आहे, हे विचारायला कोणी जिना उतरून खाली जात नाही. चालते आहे की नाही, हा वर उभ्या असलेल्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र खाली झोपणाऱ्याला विचारले पाहिजे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा बंदरावर गेलो, तेव्हा बहुतेक नौका गेलेल्या होत्या. ती एक नौका धक्क्याशीच होती. मॅनिफोल्ड कारखान्यातून तासून यायला तीन दिवस लागले होते. मालकाच्या चेहऱ्यावर समाधान वगैरे काही नव्हते. शेजारच्या नौकेला पहिल्या फेरीत चांगली मासळी मिळाल्याचे त्याने जरा तुटकपणेच सांगितले. योग्य गोष्ट केली की लगेच बरे वाटते, असे नाही. कित्येकदा आधी तोटाच दिसतो आणि जो अनर्थ टळला तो डोळ्यांना कधीच दिसत नाही.

सकाळची वेळ होती. इंजिन रात्रभर निवलेले होते. मिस्त्री खाली उतरले, एका नेपाळी मुलाला त्यांनी जवळ बसवले आणि इंजिन सुरू करण्याची खूण केली. मग दोघांनी सांध्याच्या बाजूला कान केला. मुलाने थोडा वेळ ऐकले आणि मान हलवली: आवाज नव्हता. मिस्त्रींनी त्याला हाताने थांबवले. इंजिन अजून थंडच होते; आणखी थोडा वेळ ऐकायला हवे होते.